कुवेतची मेमरी

कुवेतवरून आलेली वस्तू वाईट असूच शकत नाही, हे आम्हाला पाढे पाठ व्हायच्या आधी पाठ झालं होतं. कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. अब्बा दोन वर्षांतून एकदा घरी यायचे, बॅगा बैठकीत आडव्या पडायच्या, दोऱ्या कापल्या जायच्या आणि आतून जे निघेल ते आम्ही दोन्ही हातांनी घ्यायचो. माझे बूट लहान निघाले तर मी बोटं आत दुमडून सगळी ईद त्या बुटांत काढायची. अनीसला, माझ्या धाकट्या भावाला, कोटाच्या बाह्या बोटांच्या पुढे लोंबायच्या, तर तो "फॅशन हाय" म्हणून मोहल्लाभर मिरवायचा. वाघाचं चित्र असलेलं जाडजूड ब्लँकेट आम्ही पनवेलच्या मे महिन्यात पंखा पाचवर ठेवून अंगावर घेतलेलं आहे. अब्बा समोर बसून बघत असायचे ना. मुलं दोन वर्षांत किती वाढतात हे त्या माणसाला कुठून कळणार? आमची मापं ते फोनवरच्या आवाजावरून काढायचे.

अब्बा तिकडे एका कंपनीची बस चालवायचे. कामगारांना सकाळी कामावर सोडायचं, संध्याकाळी खोलीवर आणायचं. पण त्यांचा जीव होता कॅमेऱ्यात. एका सुट्टीत त्यांनी व्हिडिओ कॅमेरा आणला, आणि तेव्हापासून सुट्टीवर आले की ओळखीच्या सगळ्या लग्नांची शूटिंग तेच करायचे, फुकट, वर स्वतःच्या खर्चाने कॅसेट घालून. शूटिंग मात्र खरंच चांगली करायचे. नवरा-नवरीच्या मागे मागे न धावता ते कोपऱ्यात पाय रोवून उभे राहायचे आणि रुसलेली मावशी, पत्रावळीवरून लाडू चोरणारं पोर, मांडवाच्या खांबाला टेकून डोळे पुसणारा बाप, असलं बरोबर टिपायचे. लोक आपलं लग्न बघायला म्हणून बसायचे आणि शेजाऱ्यांवर हसत उठायचे.

तर त्या सुट्टीत, आल्या आल्याच, अम्मी तव्यावर तांदळाची भाकरी उलटत असताना अब्बा म्हणाले, "या वेळी मी परत नाय जायचं म्हनतो." अम्मीची भाकरी तव्यावर तशीच राहिली आणि करपली. आमच्या घरात भाकरी करपलेली मला तेवढीच एकदा आठवते. अब्बांचा बेत असा होता: शूटिंग तर येतंच, घरी कंप्युटर बसवायचा, त्यावर मिक्सिंग करायचं आणि त्याच धंद्यावर पनवेलात राहायचं. बारावीनंतरच्या सुट्टीत मी कामोठ्यातल्या एका क्लासात हार्डवेअरचा कोर्स केला होता. त्या वर्गात आम्ही दोनच मुली होतो आणि दुसरीने आठवड्यात पळ काढला होता. कंप्युटर जोडायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. कंपनीने परतीची तारीख विचारली होती. अब्बांनी ठरवलं, एक काम घ्यायचं. ते नीट पार पडलं तर कंपनीला नाही म्हणून कळवायचं. नाही पडलं तर अल्लाची मर्जी, बॅगा भरायच्या. हे ते हसत हसत बोलले. मला मात्र त्या रात्रीपासून एकच गोष्ट हवी होती, आणि ती मागायची कुणाकडे हे कळत नव्हतं.

केस, बोर्ड, प्रोसेसर हे सगळं आम्ही नवीन पनवेलच्या परेशच्या दुकानातून आणलं. मेमरी, म्हणजे ज्याला रॅम म्हणतात ती पट्टी, तेवढी आणायची नव्हती. ती अब्बांनी येताना आणलेली होती. कुठल्याशा मोठ्या मॉलमध्ये जाऊन त्यांनी दुकानदाराला सांगितलं होतं, तुझ्याकडची सगळ्यात जलद मेमरी दे, माझ्या मुलीला पाहिजे. लाल पत्र्याचं आवरण घातलेल्या त्या दोन पट्ट्या त्यांनी सामानात न टाकता शर्टाच्या खिशात घालून आणल्या होत्या. अशी मेमरी आम्ही क्लासात चित्रातसुद्धा पाहिली नव्हती. पाकिटावर तिचा वेग लिहिला होता, एक हजार सहासष्ट. मशीन सुरू होताना काळ्या पडद्यावर तो आकडा क्षणभर दिसायचा. कधी कधी बोर्ड आपल्या मनाने कमी वेग धरतो, म्हणून अब्बांच्या आग्रहावरून मी बायोसात, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन, पाकिटावरचाच वेग बांधून टाकला. मग घरी पाहुणा आला की अब्बा मशीन बंद करून मुद्दाम पुन्हा चालू करायचे. "आता बघा हां, आकडा येईल," म्हणायचे. पाहुणा आकडा बघायचा, मान डोलवायचा आणि शेवयांच्या वाटीकडे वळायचा.

आता माझ्या मुलीच्या लॅपटॉपात मेमरी बोर्डालाच चिकटवून येते. काढता येत नाही, बदलता येत नाही, बघायलासुद्धा मिळत नाही. बिघडला तर नवीन घ्या. तिला मी पट्ट्या काढण्या-घालण्याच्या गोष्टी सांगते तेव्हा ती माझ्याकडे, मी पाटा-वरवंट्याबद्दल बोलत असल्यासारखी बघते.

पहिलं काम आलं दिनकरकाकांचं. दिनकर म्हात्रे म्हणजे अब्बांचे शाळेच्या बाकावरचे मित्र, कामोठे गावातले. त्यांच्या शेतांवर केव्हाच इमारतींचे सेक्टर उभे राहिले होते आणि ते आता रेती-विटांचा धंदा करायचे. त्यांच्या मुलीचं, प्रणालीचं लग्न झालं. आगऱ्यांच्या घरची हळद लग्नाहून मोठी असते हे ज्याला माहीत नाही त्याने पनवेल पाहिलं नाही असं समजावं. बँजो, ढोल, भावकीतल्या झाडून सगळ्या बायका एका रंगाच्या साड्यांत, आणि सगळ्यांचं नाचणं. अब्बांनी कॅसेटी भरभरून शूटिंग आणली. जावई पहिल्यांदा जेवायला येणार होते त्या रविवारी सगळ्या घराने बसून ती बघायची असं दिनकरकाकांनी ठरवून टाकलं होतं.

मी आणि अब्बांनी मिळून मिक्सिंग केलं. कुठे काय कापायचं ते अब्बा सांगायचे, मी कापायची. ते दिवस माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुखाच्या दिवसांत मोजते मी. आम्ही एकाच बाकड्यावर खांद्याला खांदा लावून बसायचो, मध्ये भाजलेल्या शेंगदाण्यांची बशी असायची, आणि अब्बा पडद्यावरच्या माणसांशी बोलायचे: "काकू, जरा बाजूला व्हा, नवरी दिसत नाय." खरी अडचण शेवटच्या टप्प्यात आली. कापलेलं, जोडलेलं, गाणी लावलेलं सगळं मशीनने एकत्र करून त्याची एक सलग फिल्म बनवायची असते. त्याला तास न् तास लागायचे. आणि आमचं मशीन ते करता करता, बँजो ऐन रंगात आलेला असताना, प्रणालीच्या गालाला पहिली हळद लागायच्या सुमारास, पडदा निळा करून बंद पडायचं. पुन्हा चालू केलं की आकडा झोकात दाखवायचं, आणि पुन्हा त्याच सुमारास मान टाकायचं.

मग घरातला प्रत्येक जण डॉक्टर झाला. अब्बा म्हणाले, लाइटीचा दोष, पनवेलला सरळ लाइट असते कुठे. भारनियमन रोजचं होतंच, लाइट आली तरी ट्यूब लुकलुकायच्या. फ्रिजचा स्टॅबिलायझर काढून कंप्युटरला लावला, फ्रिजातलं दूध नासलं, मशीन पडलंच. अनीस म्हणाला, गरम होतंय. केसचा पत्रा काढून टेबलफॅन तोंडाशी लावला, घरातली सगळी धूळ आत गेली, मशीन पडलंच. मी फॉरमॅट मारला, सगळी सिस्टिम नव्याने टाकली. परेशकडून दुसरा पॉवर सप्लाय आणून जोडला. अम्मीने एकदा गुपचूप काहीतरी पढून मशीनवर फुंकर घातली, ती मी पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा जरा जास्त चाललं, त्यामुळे अम्मीचं म्हणणं आजही असं आहे की इलाज बरोबर होता, डोस कमी पडला.

परेशने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "रॅम काढून दुसरी लावून बघ ना."

"रॅम कुवेतची आहे," मी म्हणाले.

"मग? कुवेतच्या रॅमला ताप येत नाही?"

परेश आमच्या घरातला नव्हता, त्याला काय कळणार. मी विषय बदलला. क्लासात सरांनी आम्हाला सगळ्यात आधी हेच शिकवलं होतं, निळा पडदा आला की पहिला संशय मेमरीवर घ्यायचा. माझा हात केसमध्ये गेला की लाल पत्र्याला वळसा घालून बाकी सगळीकडे फिरायचा. मला वाटतं अनीसलाही कळलं होतं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो आणि टेबलफॅन थोडा पुढे सरकवायचो.

मधेच एकदा मी अब्बांना बॅगेची चेन तेल लावून मागे-पुढे करताना पाहिलं. "अडकत होती," ते म्हणाले. त्यांनी कपाटातून इस्त्रीचे शर्टही काढून ठेवले होते. मी आत जाऊन मोरीत तोंडावर पाणी मारलं. ती बॅग मला कधीच आवडली नव्हती. ती येताना फुगलेली असायची म्हणून आम्ही नाचायचो, पण जातानाही ती तेवढीच फुगलेली असायची, सुकट, पापड आणि अम्मीच्या मसाल्यांनी.

जुम्म्याच्या दिवशी अब्बा नमाजाला गेले आणि मी ठरवलं की आता पुरे. मेमरी तपासायचा एक प्रोग्राम क्लासातल्या सीडीवर होता, तो लावला. मेमरी चांगली असेल तर पडदा निळासावळा शांत राहतो, चूक सापडली की लाल ओळ येते. थोडा वेळ शांत गेला. मग एक लाल ओळ आली, तिच्यामागून दुसरी, मग पडदाभर लालच लाल. अम्मी आमटीला फोडणी देता देता दारात आली.

"हे लाल काय?"

"चुका."

"कुनाच्या?"

मी पट्ट्यांकडे बोट दाखवलं. अम्मीने जाऊन गॅस बंद केला आणि येऊन बाकड्यावर बसली. "दुसरं काय नाय होऊ शकत?"

मी पट्टी काढून उलटी धरली. लाल पत्र्यावर बारीक अक्षरांत वेगाच्या शेजारी आणखी एक आकडा होता, जो आमच्यापैकी कुणी पाहुण्यांना वाचून दाखवला नव्हता. त्या वेगाने धावायला तिला दोन पॉइंट एक व्होल्ट लागत होते. बोर्ड देत होता एक पॉइंट आठ, सगळ्या साध्या मेमरीला देतो तेवढे. मी बायोसात जाऊन ते वाढवायला गेले, पण आमच्या स्वस्त बोर्डाची व्होल्टची यादी दोनच्या अलीकडेच संपत होती. जास्तीत जास्त होतं तेवढं देऊन पाहिलं, लाल ओळी कमी झाल्या, थांबल्या नाहीत. मग मी वेग उतरवून आठशे केला, व्होल्ट होते तसे केले, आणि पुन्हा तपासलं. पडदा शांत. कितीही वेळ बघितलं तरी शांत.

"झालं की मग," अम्मी म्हणाली. "गुपचूप असंच राहू दे. सांगू नको."

"अम्मी, चालू करताना आकडा दिसतो."

 अब्बांना त्या आकड्याचं किती कौतुक होतं ते अम्मीइतकं कुणाला माहीत होतं? ती उठली आणि म्हणाली, "मंग सांग. पन जेवन झाल्यावर."

त्या दुपारी आमटी-भात होता आणि तळलेले बोंबील. अब्बा टोपी खिशात घालून, अत्तराचा वास घेऊन आले, पोटभर जेवले, बोंबील कुरकुरीत झालेत म्हणून दोनदा सांगितलं. अनीस ताटातून मान वर काढत नव्हता. शेवटचा घास झाल्यावर अम्मीने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं.

"खराब हाय?" अब्बांनी विचारलं.

"खराब नाय, अब्बा. चांगली हाय, आपल्या बोर्डाला झेपत नाय एवढी चांगली हाय. तिला पळायला जेवढी वीज लागते तेवढी तो देत नाय. उपाशीपोटी पळवतोय आपन तिला, म्हनून पडते. स्पीड कमी केला की नाय पडत."

"किती कमी?"

"आठशे."

"आठशेची तर परेशच्या दुकानात मिलते."

मी हो म्हणाले. खोटं बोलायला जागाच नव्हती. अब्बा ताटातले काटे एका बाजूला गोळा करत राहिले. "मंग इतके दिवस तू फॅन लावतेस, फॉरमॅट मारतेस. हे आधी का नाय बघितलंस?"

 अखेर अनीसच म्हणाला, त्याच्या तोंडात तीळ भिजायचा नाही, "कुवेतची हाय म्हनून."

"म्हंजे?"

आणि मग अनीसने सगळंच सांगून टाकलं. माझे बूट, त्याच्या बाह्या, मे महिन्यातलं ब्लँकेट. मी त्याला पायाने ढोसत होते, तो थांबत नव्हता. अब्बा अम्मीकडे वळले. "तुझे ते सँडल?"

"टाचेला लागायचे," अम्मी म्हणाली.

"कवापासून?"

"पयल्यापासून."

अब्बा उठले, हात धुवायला मोरीत गेले. नळ बराच वेळ वाहत राहिला. आमच्या घरी पाणी असं कुणी वाया घालवत नसे. मला वाटलं, आपण या माणसाची सगळी कमाई एका जेवणात बसून त्याला परत केली. मला त्यांच्या मागे जावंसं वाटत होतं आणि मी ताटं गोळा करत होते. त्यांना दुखवून ते इथे थांबले असते तरी, आणि न दुखवता गेले असते तरी, माझं मन मला खात राहिलं असतं.

अब्बा टॉवेलला हात पुसत आले तेव्हा डोळे लाल होते. ते बाकड्यावर त्यांच्या नेहमीच्या जागी बसले आणि शेजारची जागा थोपटली. "लाव तुझं आठशे."

मी मशीन चालू केलं. काळ्या पडद्यावर आकडा आला. अब्बांनी तो नीट वाचला. "चालेल," ते म्हणाले. "घरचं खाऊन जेवढं पळेल तेवढं पळेल."

तेवढ्यात लाइट गेली; भारनियमन संपून ती आली तेव्हा आम्ही फिल्म करायला लावली. अब्बा जागचे हलले नाहीत, असरची नमाज तिथेच बाकड्याशेजारी जानमाज टाकून पढले. अम्मीने चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. बँजो रंगात आला. प्रणालीची आजी ताट घेऊन पुढे झाली, तिने दोन बोटं हळदीत बुडवली. अनीसने माझा दंड धरला. हळद गालाला लागली, दुसऱ्या गालाला लागली, मग कपाळाला, मग सगळ्या काकवा-मावश्यांनी तिला माखून टाकलं, आणि पडदा कुठे निळा झाला नाही. मागे अम्मी कधी येऊन उभी राहिली होती कळलं नाही. तिने नुसता हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि काढला नाही.

रविवारी अब्बा सीडी देऊन आले आणि फोनशेजारी बसून राहिले. त्याच संध्याकाळी त्यांना कंपनीलाही कळवायचं होतं. फोन वाजला तो दिनकरकाकांचा. त्यांचा आवाज इतका मोठा की आम्हाला स्वयंपाकघरात ऐकू येत होता. "इस्माईल, अरं माझी बायको रडतेय नि हसतेय, दोनी एकदम. जावईपन जेवायचं सोडून बघत बसलेत. ऐक, पुतन्याची हलद हाय पुढल्या म्हयन्यात. तवा तू हायस ना?"

अब्बांनी आमच्याकडे पाहिलं. अम्मी ओट्याला टेकून उभी होती, तिच्या हातात कालथा होता.

"हाय," अब्बा म्हणाले. "मी हाय."

त्यानंतर कंपनीला फोन केला तो अगदी थोडका. मी तो ऐकला नाही, मी गच्चीवर जाऊन पोटभर रडून आले.

अब्बा घरी राहिले म्हणजे काय होणार आहे, याची आम्हाला कल्पना नव्हती. पाहुणा दीड-दोन महिने सांभाळायची आम्हाला सवय. अम्मी अजूनही त्यांना कोंबडीचा चांगला तुकडा वाढायची, आम्ही अजूनही टीव्हीचा रिमोट त्यांच्याजवळ ठेवायचो. मग एका सकाळी अब्बा स्वतःहून मासळी बाजारात गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. पापलेटं घेऊन आले, पिशवी ओट्यावर ठेवली आणि कौतुकाच्या अपेक्षेने तिथेच उभे राहिले. अम्मीने पिशवी उघडली. एका पापलेटाचं पोट बोटाने दाबलं, कल्ला उचलून बघितला. मी आणि अनीस श्वास रोखून उभे.

"शिळी हायत," अम्मी म्हणाली. "फसवलंय तुमाला. परत देऊन या."

अब्बा तिच्याकडे बघत राहिले. मग पिशवी उचलली.

"नाय घेतली परत तर?"

"भांडा."

अब्बांनी चपला पायांत सरकवल्या आणि जिना उतरायला लागले. आजवर ते या दारातून निघाले की अम्मी खुदा हाफिज म्हणून पटकन आत वळायची, तोंड दिसू नये म्हणून. त्या दिवशी ती कठड्यावरून अर्धी खाली वाकली, आणि सगळ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आनि येताना कोथिंबीर आना."